खाडा नसलेली खानावळ

बेळगाव, पुणे किंवा बडोदे यांसारख्या शहरी शिक्षणासाठी वा नोकरीसाठी राहिलेल्या माणसास महिन्याची खानावळ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. एक तारखेस पैसे भरावयाचे, दोन्ही वेळ जाऊन जेवावयाचे, आणि सणासाठी गावी जावयाचे झाल्यास आधी कळवून खाडा धरावयाचा. खानावळीच्या बाई बोलण्यात कितीही फटकळ असल्या तरी आधी कळविलेला खाडा त्या नाकारीत नसत. महिनाअखेरीस वहीतील रेघा मोजून तितके पैसे पुढच्या महिन्यात वळते करीत. 'खाडा' या लहानशा शब्दात एक मोठा न्याय साठविलेला आहे. जे ताट वाढले नाही, त्याचे दाम घ्यावयाचे नाही.

पैसे आगाऊ घेतले जातात परंतु खाडा धरला जात नाही, अशी एक खानावळ सातासमुद्रांपलीकडे आहे. आणि आपल्या कुटुंबाने तीत जेवावे की न जेवावे, असा प्रश्न आमच्या धर्मग्रामातील एका घराने २०२४ सालच्या जानेवारीत आमच्यापुढे ठेवला. अशा गोष्टीत धर्मगुरूने लक्ष घालावे काय, अशी शंका कोणी काढील. परंतु खेड्यातील धर्मगुरूस बियाण्याच्या कर्जापासून मुलीच्या स्थळापर्यंत सर्व काही विचारले जाते, आणि ताटाचा विषय तर शुभवर्तमानात पानोपानी आला आहे.

या घरातील थोरला मुलगा अमेरिकेत नोकरीस आहे. त्याचे आईवडील प्रथमच तिकडे जावयाचे होते. त्यांस, आपल्या पत्नीस आणि दोन मुलांस, म्हणजे अकरा वर्षांची मुलगी व सहा वर्षांचा मुलगा यांस घेऊन फ्लोरिडा राज्यातील ऑर्लँडो शहराजवळचे 'वॉल्ट डिस्ने वर्ल्ड' दाखवावयाचे त्याने ठरविले होते. बुधवार, २० मार्च ते रविवार, २४ मार्च असा चार रात्रींचा मुक्काम. तिकिटे झाली, हॉटेलातील दोन खोल्या ठरल्या. राहिली ती जेवणाची योजना. मुलाने फोनवरून सर्व माहिती पाठविली व शेवटी लिहिले, "फादर, आई ऐकत नाही. तुम्हीच तिला समजावून सांगा." त्याला योजना हवी होती, आईला ती नको होती, आणि वडील नेहमीप्रमाणे दोघांच्या मध्ये सापडून आमच्या ओसरीवर मुकाट्याने चहा पीत होते.

ज्यांनी हे नाव ऐकले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. हे डिस्ने वर्ल्ड म्हणजे एखादी बाग नव्हे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी ते उघडले आणि त्याचा पसारा सुमारे २५ हजार एकर आहे. त्यात चार मोठी थीम पार्क आहेत, आणि एकेक पाहण्यास एकेक दिवस पुरत नाही. सकाळी आत गेलेला माणूस रात्री बाहेर पडतो, तेव्हा दिवसभराचे खाणे तेथेच होणार हे उघड आहे. कंपनीने यातूनच २००५ साली आगाऊ पैसे भरावयाची भोजन-योजना काढली. २०२० साली महामारीने पार्क बंद पडले तेव्हा ती थांबली, आणि ९ जानेवारी २०२४ पासून पुन्हा चालू झाली. कंपनीच्याच हॉटेलात उतरणाऱ्यांस ती घेता येते.

योजनेच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीत प्रत्येक माणसास दर रात्रीमागे खिडकीवरून घ्यावयाची दोन जेवणे व एक फराळाचा पदार्थ मिळतो. दुसरीत खिडकीवरचे एक जेवण, टेबलाशी बसून वाढलेले एक जेवण आणि एक फराळ. शिवाय दोहोंत एक पेला मिळतो, तो चहा, कॉफी व सरबतांनी पुन्हा पुन्हा भरून घेता येतो, परंतु केवळ हॉटेलात, पार्कमध्ये नव्हे. पूर्वी ज्याला आपण कुपन म्हणत असू, तशी ही कुपनेच आहेत. फक्त कागदाऐवजी ती कंपनीच्या यंत्रात नोंदलेली असतात. येथे आम्ही त्यांस कुपनेच म्हणू. २०२४ साली पहिल्या तऱ्हेचा दर प्रौढास रात्रीमागे ५७.०१ डॉलर व ३ ते ९ वर्षांच्या मुलास २३.८३ डॉलर होता. दुसरीचा अनुक्रमे ९४.२८ व २९.६९ डॉलर. दहा वर्षे पूर्ण झालेले मूल प्रौढांत गणले जाते. त्यामुळे अकरा वर्षांची नात, जी आपल्याकडे अजून आजीच्या ताटातला घास खाते, ती या हिशोबात आपल्या बापाबरोबरीची खाणारी ठरली.

मिस्साहेतूंच्या जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर आम्ही बेरीज मांडली. पाच प्रौढ व एक मूल, चार रात्री. पहिल्या तऱ्हेने १,२३५ डॉलर व वर काही सेंट; दुसऱ्या तऱ्हेने २,००४ डॉलर. त्या वर्षी डॉलर साधारण ८४ रुपयांचा होता. म्हणजे एक लाख चार हजार रुपये, किंवा एक लाख अडुसष्ट हजार रुपये.

"फादर," आई म्हणाली, "एवढ्यात आमच्या धाकटीच्या लग्नाचे सारे जेवण उठले होते."

तिचे म्हणणे खरे होते, कारण त्या लग्नास आम्हीही जेवलो होतो. परंतु ही तुलना बरोबर नव्हे, असे आम्ही तिला सांगितले. मुलगा डॉलरमध्ये मिळवितो व तेथील भाजीही डॉलरमध्येच घेतो. योजना घेतली नाही म्हणून ऑर्लँडोमध्ये कोणी त्यांस खानापूरच्या भावाने जेवू घालणार नाही. तुलना करावयाची ती योजना घेऊन होणारा खर्च आणि न घेता होणारा खर्च यांच्यात. पुष्कळ माणसे पहिला आकडा पाहून दचकतात, दुसरा मांडीतच नाहीत. आणि दचकण्यास हिशोब समजून मोकळी होतात.

तेव्हा दुसराही आकडा मांडला. खिडकीवरचे एक जेवण पेयासह साधारण २० डॉलरच्या घरात पडते, फराळाचा पदार्थ सहाएक डॉलरला. पोटभर जेवणारा तरुण माणूस दोन जेवणे व एक फराळ घेऊन ४६ डॉलरपर्यंत जातो. त्याचे ५७ भरावयाचे. मुलगा व सूनबाई मिळून ९२ धरले. नातीचे ३५, आजोबांचे ३५, आजीचे २५, कारण ती एकच जेवण व दोन वेळा कॉफी घेणारी. नातवाचे २३, त्याच्यापुरता योजनेचा दर व प्रत्यक्ष खर्च जवळजवळ सारखा निघाला. एकूण दिवसाचे २१० डॉलर. योजनेचे रात्रीमागे ३०८. चार रात्रींत सुमारे ४०० डॉलरचा फरक, तोही स्वस्त तऱ्हेत.

हा फरक कोठून येतो हे पाहणे मोठे उद्बोधक आहे. एका कुपनावर महागातला पदार्थ घ्या की स्वस्तातला घ्या, कुपन एकच जाते. म्हणून योजना परवडते ती यादीतील सर्वांत महाग पदार्थ निवडणारास; वरणभातासारखे साधे खाणारास ती परवडत नाही. त्यातच एकवीस वर्षांवरील माणसास जेवणाबरोबर बीअर, वाईन किंवा तत्सम पेय घेता येते. जो ते घेतो त्याचे पैसे वसूल होऊ लागतात. जो साधे पाणी पितो, त्याला थंड पाण्याचा पेला तेथील खिडक्यांवर एरवीही फुकटच मिळतो. हे वाचून दाखविताच आजोबांनी त्या सकाळी प्रथमच कपातून डोके वर काढले. आजीने त्यांच्याकडे एकदा पाहिले. डोके पुन्हा कपात गेले.

शिवाय तो मुक्काम प्रायश्चित्तकाळात येत होता. असल्या सहलीसाठी हे दिवस आम्ही निवडले नसते. परंतु मुलांच्या शाळेची सुटी आमच्या पंचांगाप्रमाणे ठरत नाही. २२ मार्चचा शुक्रवार मांसवर्ज्य. चौदा वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांस हा नियम लागू आहे, आजी-आजोबांसही. साठीनंतर उपवासाचे बंधन सुटते, मांसत्यागाचे सुटत नाही. तेथे शाकाहारी पदार्थ व मासे मिळतात, तेव्हा नियम पाळण्यास अडचण नाही. अडचण कुपनाची: मांसाच्या ताटाचे दाम भरून भाजीचे ताट घ्यावयाचे. त्याग करावा तर तो ज्याच्यासाठी करावयाचा त्यास अर्पण व्हावा. येथे त्यातला बराचसा कंपनीच्या तिजोरीत पडतो.

आता खाड्याविषयी. एका खोलीत राहणाऱ्या तीन वर्षांवरील सर्वांस योजना घ्यावीच लागते. एकाने घ्यावी व दुसऱ्याने सोडावी हे चालत नाही. दोन खोल्यांचे आरक्षण वेगवेगळे असल्यास एका खोलीस घेता येते व दुसरीस टाळता येते, ही एक पळवाट आहे आणि ज्यांच्याबरोबर म्हातारी माणसे आहेत त्यांनी ती ध्यानात ठेवावी. कुपने मुक्कामभर केव्हाही वापरता येतात, एवढी सवलत आहे. आज उरलेले उद्या खाता येते. परंतु हॉटेल सोडण्याच्या दिवशी मध्यरात्र झाली की उरलेली सर्व कुपने रद्द होतात. आजी एक दिवस तापाने झोपून राहिली, नातवाने रागाने ताट ढकलले, पावसामुळे खोलीतच थांबावे लागले, तरी पैसे परत नाहीत.

निर्गमाच्या सोळाव्या अध्यायातील मान्न्याची गोष्ट आपण मिस्साबलीत कितीदा ऐकतो. तेथेही साठवण नाही. सकाळपर्यंत ठेवलेल्या मान्न्यात किडे पडले. वरवर पाहता दोन्ही व्यवस्था सारख्या वाटतील. परंतु रानात परमेश्वराने प्रत्येकास आपापल्या भुकेच्या मानाने गोळा करावयास सांगितले. ज्याने पुष्कळ गोळा केले त्याचे उरले नाही आणि ज्याने थोडे केले त्यास कमी पडले नाही. येथे भूक कंपनीने आधीच ठरविली आहे आणि ती आजीची व तिच्या तरुण मुलाची एकच धरली आहे.

मध्यरात्रीच्या या मुदतीने माणसांचे काय होते ते पुढे आमच्या कानी आले. आमच्या धर्मग्रामातून गोव्यात दिलेली एक मुलगी आपल्या पतीस व तीन लहान मुलांस घेऊन २०२४ च्या जूनमध्ये तेथेच गेली होती. त्यांनी योजना घेतली होती, टेबलाच्या जेवणाची. शेवटच्या संध्याकाळी पाहतात तो फराळाची चौदा कुपने शिल्लक. मग दुकान गाठून बिस्किटे, चॉकलेटे व गोळ्या यांनी पिशवी भरून घेतली. त्यातील एक डबा आमच्याही घरी आला. आम्ही तो शनिवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात वाटला. अन्न फेकणे म्हणजे गरिबाच्या ताटातून चोरणे होय, या अर्थाचे उद्गार दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ५ जून २०१३ रोजी काढले होते, ते आम्हांस त्या वेळी आठवले. या बाईने अन्न फेकले नाही हे खरे. परंतु भूक नसता विकत घेतलेले अन्न आणि फेकलेले अन्न यांच्यात एका पिशवीचेच अंतर असते.

तरीही ती मुलगी योजनेवर खूष होती, हे येथे नमूद करणे न्यायाचे होईल. तिची तिन्ही मुले दहाच्या आतली. मुलांचा ओढा असतो तो सोंगे घेतलेले मिकी उंदरासारखे पुतळे टेबलापाशी येऊन हात मिळवितात अशा भोजनाकडे, आणि तसले भोजन टेबलाच्या एका कुपनात बहुतेक ठिकाणी मिळते. त्याचा मुलांचा रोखीचा दरच योजनेच्या मुलांच्या संपूर्ण दिवसाच्या दरापेक्षा बहुधा जास्त असतो. तीन मुले आणि रोज असे एक भोजन, हा हिशोब योजनेच्या बाजूने जातो, आणि तो तिने घरूनच मांडून नेला होता. २०२६ च्या मुक्कामांसाठी तर मोठ्यांनी योजना घेतल्यास ३ ते ९ वर्षांच्या मुलांची योजना विनामूल्य, असे कंपनीने जाहीर केले आहे. ज्या घरात लहान मुले अधिक आणि मोठे दोघेच, त्याने पुन्हा पेन्सिल हाती घ्यावी. परंतु ज्या घरात मूल एक आणि मोठे पाच, त्याने 'फुकट' या शब्दामागे धावू नये. फुकटाची वाट पाच पूर्ण दरांवरून जाते.

एवढा हिशोब झाल्यावर आमचे मत आईच्या बाजूस झुकले, आणि तसे आम्ही मुलास त्या संध्याकाळी फोनवर कळविले. तेव्हा तो जे बोलला त्याने प्रश्नाचे रूपच पालटले.

"फादर, पैशांचे मलाही कळते," तो म्हणाला. "पण योजना नसली तर काय होईल ते सांगतो. आई आधी किमतींची पाटी पाहील. प्रत्येक किंमतीला चौऱ्याऐंशीने गुणील. मग म्हणेल, मला भूक नाही. चार दिवस ती कॉफीवर काढील, आणि तिला साखरेच्या गोळ्या आहेत."

आम्ही गप्प राहिलो. ही बाई आम्हांस ठाऊक आहे. अशा बाया आमच्या धर्मग्रामात घरोघर आहेत. मुले लहान असताना, भाताच्या पातेल्यात तळाशी थोडेच उरले की 'मला भूक नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडी आपोआप येते, आणि पुढे सुबत्ता आली तरी ते जात नाही. मुलाचा पैसा राखणे हाच तिचा जन्माचा उपवास. योजना घेतली म्हणजे दाम तिच्या डोळ्यांआड, महिनाभर आधी चुकते होईल, आणि ताट पुढे येईल तेव्हा त्यावर किंमत लिहिलेली नसेल. चारशे डॉलर जास्त देऊन हा मुलगा आईची भूक विकत घेऊ पाहत होता. हा खर्च उधळपट्टीचा म्हणण्यास आमची जीभ रेटेना.

परंतु ज्या स्वभावामुळे ती उपाशी राहील, त्याच स्वभावामुळे दुसरे संकट उभे राहणार होते. "पैसे भरलेत, वाया जायला नको" हेही तिचेच वाक्य. टेबलाच्या जेवणात शेवटी गोड पदार्थ ठरलेला असतो. जिने जन्मात पानात शीत टाकले नाही, तिच्यापुढे चार रात्री गोडाचे वाडगे येणार आणि ते परत जाऊ द्यावयाची तिच्यात ताकद नाही. इतकेच काय, नातवाने अर्धे टाकलेले तेही ती संपवील. किंमत दिसली तर ती उपाशी राहील. किंमत आधीच दिली असली तर ती आजारी पडेल. मुलास हे सांगितले तेव्हा तो हसला, आणि मग हसणे थांबवून म्हणाला, "खरे आहे."

कोणतीही योजना घेण्यापूर्वी घरात पाहावयाची गोष्ट आमच्या मते हीच. दर सर्वांस समान असतात. दर पाहून आणि दर भरून आपल्या घरचे माणूस कसे वागेल हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते.

मग उपाय निघाला तो मुलाच्याच बोलण्यातून. खिडकीवरचे जेवण तेथे फोनवरून मागविता येते व पैसेही फोनवरच दिले जातात. तेव्हा आईने सावलीत टेबल धरून बसावयाचे, मुलाने बाजूला होऊन मागवावयाचे, आणि नातीने ताटे आणावयाची. पाटी पाहावयाचा प्रसंगच नाही. वडिलांस आम्ही दुसऱ्या दिवशी बोलावून घेतले व त्यांच्याकडून वचन घेतले की चार दिवस कोणत्याही आकड्याचा गुणाकार करावयाचा नाही, केलाच तर मोठ्याने बोलावयाचा नाही. त्यांनी ते आनंदाने दिले. न बोलणे त्यांस जमते.

पार्कमध्ये स्वतःपुरते घरचे खाणे नेण्यास तेथे मनाई नाही. ते गरम करावे लागू नये, काचेचे भांडे नसावे आणि दारू नसावी, एवढेच. आपल्याकडील बहुतेक मोठ्या पार्कांच्या दारावर डब्यांची झडती होते हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांस हे नवल वाटेल. सूनबाईने चपात्या व शेंगदाण्याची चटणी बरोबर घ्यावयाचे ठरले. गोळ्या घेणाऱ्या बाईस वेळच्या वेळी पोटात काहीतरी हवे, आणि ते हाताशी असलेले बरे.

एका गोष्टीचा मात्र आम्ही आग्रह धरला: एक तरी जेवण टेबलाशी बसून व्हावे. या घरात आम्ही अनेकदा जेवलो आहोत. चाळीस वर्षे ही बाई सर्वांस वाढते, सर्वांची पाने उठली की मग चुलीपाशी आपले ताट घेते. सहाही माणसे एकदम बसली आहेत, तीही बसली आहे, आणि वाढणारे कोणी दुसरेच आहे, असे तिच्या आयुष्यात किती वेळा घडले असेल? यासाठी पैसे मोजावेत. सोंगांची न्याहारी शनिवारी सकाळची घ्यावी, म्हणजे नातवाचेही समाधान आणि शुक्रवारचाही प्रश्न नाही, असे ठरले. अशा जागांची नोंदणी साठ दिवस आधी उघडते. मुक्कामाच्या पहिल्या दिवसापासून मागे मोजता तो दिवस २० जानेवारीचा येत होता, आणि त्या दिवशी मुलाने जागा धरली. सहा माणसे एका टेबलास बसली म्हणजे तेथे १८ टक्के बक्षिसी बिलातच लावतात. योजना घेतली असती तरी ती वेगळी द्यावीच लागली असती, कारण योजनेत बक्षिसी धरलेली नाही.

येथे थोडे आपल्याकडचेही सांगतो, कारण ऑर्लँडोस जाणारी घरे मोजकी. मे महिन्यात बस करून एखाद्या वॉटर पार्कला जाणारी पुष्कळ. आपल्याकडेही आता प्रवेशाबरोबर दुपारचे जेवण जोडून तिकीट विकतात. एकच दिवस, एकच जेवण, बाहेरचे अन्न आत नेण्यास मनाई आणि पन्नास माणसांचा तांडा असेल, तर असे तिकीट घ्यावे, असे आम्ही युवक-संघाच्या सहलींवरून म्हणतो. सर्वांस एका वेळी जेवण मिळते, आणि ज्याच्या खिशात कमी पैसे आहेत तो पोर कोपऱ्यात उभे राहून 'मला भूक नाही' म्हणत नाही. फक्त पाणी त्यात धरले आहे काय, आणि पाळण्यात न बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांस निव्वळ प्रवेश वेगळा मिळतो काय, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे. सकाळचे डबे बसमध्येच उघडावेत.

कुटुंब ठरल्याप्रमाणे जाऊन आले. आईवडील मे महिन्यात परत आल्यावर आम्हांस सर्व हकीकत सांगण्यास आले. एकूण खर्च खिडकीच्या योजनेपेक्षा थोडा कमीच झाला, आणि त्यात शनिवारची न्याहारीही आली, असे मुलाने आम्हांस आधीच कळविले होते. फार मोठी बचत झाली असे नव्हे. आई चारही दिवस वेळेवर जेवली. गुरुवारी एकदा तिने उठून पाटीकडे जाण्याचा प्रयत्न केला. नातीने तिला हात धरून परत बसविले.

रविवारी, झावळ्यांच्या रविवारी, ती सर्व मंडळी विश्वाची राणी मरिया हिच्या बॅसिलिकेत मिस्साला गेली. हे मंदिर डिस्ने वर्ल्डपासून जवळच आहे. ते मुळी प्रवाशांसाठीच उभे राहिले, कारण पार्क उघडल्यानंतर सुटीवर येणाऱ्या भाविकांस मिस्सा मिळावी ही गरज तेथील धर्मगुरूंस जाणवली. २००९ साली त्यास बॅसिलिकेचा मान मिळाला. हॉटेल सोडण्याचा तो दिवस. मिस्सा लांबली, कोणास घाई नव्हती, कोणाचे कुपन मध्यरात्रीस मरावयाचे नव्हते. मिस्सा झाल्यावर गाड्या लावावयाच्या जागी झाडाखाली आजीने उरलेल्या चपात्या काढल्या व सर्वांस वाढल्या.

शनिवारच्या न्याहारीचे छायाचित्र तिने आम्हांस दाखविले. मध्यभागी ती बसली आहे, एका बाजूस नातू, दुसऱ्या बाजूस भला मोठा उंदीर, आणि पुढ्यात भरलेली बशी. ती न्याहारी केवढ्याला पडली हे तिने मुलास तीनदा विचारले. त्याने सांगितले नाही. मग तिने आम्हांस विचारले. आम्हांस तो आकडा ठाऊक आहे, परंतु आम्हीही सांगितला नाही. आणि हे साप्ताहिक त्यांच्या घरी जाते, म्हणून तो येथेही देत नाही.